पाँडिचेरी-महाबलीपुरम फॅमिली ट्रिप, दिवाळीत जावं का? सल्ला द्या

वणीवाला_पोट्टा
भाऊ लोकहो, घरातल्या कोणीच समुद्र पाहिला नाही, एकदाचा पाहाचा आहे. बायको म्हणते पाँडिचेरी. बाबांना जुनी देवळं, किल्ले, खोदकामात निघालेलं असं काही दाखवलं की खुश, पण गुडघे दुखतात त्यांचे. सोयाबीन घरी आलं की दिवाळीत निघाव म्हणून राहिलो. तिथं अरिकामेडू म्हणून रोमन मालाचं जुनं बंदर आहे म्हणे, पाहण्यासारखं आहे का?

हिंगणघाट_लोकल
दिवाळीत नको ना बाप्पा! आपल्याकडचा पाऊस गेला की तिकडचा लागते, ऑक्टोबर ते डिसेंबर, वादळंबिदळं तेव्हाच येतात, लेकराबाळांना घेऊन रूमवर बसून राहाल. कापसाचा पयला वेचा होऊ द्या अन् जानेवारीच्या शेवटी जा. संक्रांतीले जाऊ नका, तिकडं पोंगल असते, तोबा गर्दी.

अरिकामेडूत खरं सांगू का, उभं असं काही नाही. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर या इंग्रज पुरातत्त्ववाल्यानं खोदलं तेव्हा रोमन दारूचे रांजण, इटलीची लाल भांडी निघाली, पण ते खड्डे कधीचेच बुजले. आता झाडं अन् अठराव्या शतकातल्या ख्रिस्ती मिशनच्या विटांच्या पडक्या भिंती. निघालेल्या वस्तू पाँडिचेरीच्या म्युझियममध्ये आहेत, पयले त्या पाहा मंग तिकडं जा, नाहीतर बाबा म्हणतील याच्यापेक्षा आपला धुरा काय वाईट होता.

पुसदची_काकू
अरे बाळा, बाबांना किल्ले आवडतात तर जिंजीला ने ना! पाँडिचेरीहून साधारण 70 किमी. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये घेतला, पुढं राजाराम महाराज इथूनच राज्य चालवत होते आणि मोगलांचा वेढा 1690 ते 1698 चालला, आठ वर्षं रे! महाराज निसटले ते वेगळंच. राजगिरी म्हणजे किल्ल्याची उंच टेकडी, ती चढायचं नाव काढू नको, पण कल्याण महाल, कोठारं खालीच आहेत, ते बाबा आरामात पाहतील. सकाळीच जा, ऊन फार. हातात पिशवी दिसली की माकडं ओढतात.

वणीवाला_पोट्टा
काकू जिंजीचं ऐकून बाबा आत्ताच बॅग भरायला लागले 😄 महाबलीपुरम मग कापू का?

हिंगणघाट_लोकल
कापाचं तर अरिकामेडू कापा! महाबलीपुरम रस्त्यातच पडते. बल्लारशाहून चेन्नईची गाडी, तिथून समुद्राच्या कडेच्या रोडनं बस, साठेक किमी. एक मुक्काम तिथंच करा. पाच रथ म्हणजे रथासारखी देवळं, अख्ख्या दगडातून कोरलेली, सातव्या शतकातली, पल्लव राजांची, चढण नाही काही नाही. किनाऱ्यावरचं मंदिर सकाळी पाहा.

पुसदची_काकू
आणि पोरांना खोल पाण्यात सोडू नको, दोन्हीकडं लाटा जोरात ओढतात. पाँडिचेरीत शहरातला किनारा बराचसा दगडांचा आहे, तिथं संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद असतो, नुसतं फिरायला. तिकिटं आत्ताच बघ, बाबांना खालचा बर्थ मिळायला पाहिजे.