बेसिलने ग्रेगरीशी मित्रद्रोह केला का?

उत्तनचा वारा (धागाकर्ता)
२ जानेवारीला मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) संत बेसिल आणि संत ग्रेगरी नाझियान्झस यांचा सण एकत्र येतो, आणि दर वर्षी माझ्या मनात तेच सलतं. चौथ्या शतकात अथेन्सला शिकताना हे दोघे एका छपराखाली राहायचे, एकत्र जेवायचे. नव्या विद्यार्थ्याची तिथे बाजारातून स्नानगृहापर्यंत वरात काढून टर उडवायचे, त्यातून बेसिलला ग्रेगरीनेच वाचवलं. आम्हाला दोनच वाटा ठाऊक होत्या, एक चर्चची, दुसरी गुरूंच्या घरची, असं तो सांगतो.

पुढे बेसिल आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहराचा बिशप झाला. ३७२ च्या सुमारास सम्राट व्हॅलेन्सने कैसरियाचा कप्पदुकिया प्रांत विभागला आणि नव्या भागातल्या त्याना शहराचा बिशप अँथिमस बेसिलच्या हद्दीवर हक्क सांगू लागला. आपलं बळ वाढवायला बेसिलने ग्रेगरीला सासिमाचा बिशप केलं. ग्रेगरीच्या कवितेत ते गाव दिसतं: तीन रस्ते फुटतात तो थांबा, पाणी नाही, गवत नाही, नुसती धूळ आणि गाड्यांचा खडखडाट. जिवलगाला असं नाक्यावर राखणीला बसवायचं?

पाणवठा
द्रोह कसला? व्हॅलेन्स एरियन मताचा, म्हणजे ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणारा होता, ख्रिस्ताचं देवत्वच पणाला लागलं होतं. अशा वेळी माणूस ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येतो त्यालाच पुढे करतो. बेसिलने सख्ख्या भावालाही निसासारख्या लहानशा गावात बिशप म्हणून धाडलं. थोर माणूस लहान जागेलाही थोर करतो, असं त्याने एका पत्रात लिहिलंय.

माजघर
पण ग्रेगरीच्या मनात काय आहे हे विचारलं का? तुझ्या मैत्रीतून एवढंच शिकलो की मित्रांवर भरवसा ठेवू नये, या अर्थाचं त्याने बेसिलला लिहिलं. मी पंधरा वर्षं मैत्रिणीबरोबर क्वायरमध्ये गायले. मला न विचारता तिने माझं नाव एका समितीत घातलं, वर म्हणाली, ‘देवाचं काम आहे, नाही कसं म्हणशील?’ देवाचं नाव पुढे आलं की आपल्याला रागवायचीही सोय उरत नाही. तो राग मला कळतो.

पाणवठा
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण ग्रेगरीने राग गिळला नाही, लिहून काढला, आणि सासिमाचा कारभारही हाती घेतला नाही. ज्या मैत्रीत एवढं तोंडावर सांगता येतं ती मोडली असं मी म्हणणार नाही.

उत्तनचा वारा
सासिमाबद्दल माझं मत कायम आहे, ते चुकलंच. मात्र एक गोष्ट मलाही अडवते. ३७९ च्या सुमारास बेसिल गेला तेव्हा ग्रेगरीला अंत्यविधीला जाता आलं नाही. काही वर्षांनी कैसरियात त्याने मित्रावर लांबलचक भाषण केलं. त्यात सासिमाची तक्रार आहेच, काळानेही ती पुसली नाही म्हणतो. आणि शेवटाकडे सांगतो, मी अर्धमेला झालोय, बेसिल अजूनही रात्री स्वप्नात येऊन माझी कानउघाडणी करतो.