चित्र दिसतंय पण आवाज नाही: फोनवरचे व्हिडिओ, कोडेक आणि तुमचे अनुभव

मोगरा_सातारा:
माळा आवरताना ताईच्या लग्नाची डीव्हीडी सापडली, भाच्याने लॅपटॉपवर कॉपी करून फोनवर दिली. चित्र छान पण आवाजच नाही!! त्यात आजी मंगलाष्टकं म्हणते, आता ती नाहीये, नुसते ओठ हलताना बघून पोटात तुटलं. मग कळलं, डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइलचा आवाज बहुतेकदा एसी३ म्हणजे डॉल्बीचा असतो आणि माझ्या प्लेयरमध्ये तो कोडेकच (फाइलमधला आवाज किंवा चित्र उलगडणारा छोटा प्रोग्राम) नव्हता. व्हीएलसी हा दुसरा प्लेयर टाकला, त्यात सगळं आधीपासून असतं, लगेच आजीचा आवाज आला. फाइल खराब म्हणून डिलीट करू नका कुणी. तुमचे अनुभव लिहा.

रानवारा:
एमएक्स प्लेयरवाले हजर आहेत का? लायसनमुळे त्यातून एसी३, डीटीएस (तोही आवाजाचाच प्रकार) गेलं तेव्हापासून कस्टम कोडेक टाकतोय. सेटिंग्ज, डीकोडर, खाली कस्टम कोडेक. तिथे फोनच्या चिपचा प्रकार, आरमव्ही८ निऑन वगैरे, जो दिसेल त्याच नावाची कोडेकची झिप फाइल घ्यायची, दुसरी चालत नाही. डाउनलोडमध्ये ठेवली की सापडते त्याला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, येतो.

शमा७:
आजींचं वाचून भरून आलं गं. आमच्याकडे आत्या म्हणायची, शेवटचं कडवं नेहमी लांबवायची आणि भटजी घड्याळ बघायचे :)

कोकणकडा:
कोडेक पॅक नावाची कुठलीही एपीके (अ‍ॅपची फाइल) उचलून टाकू नका प्लीज, त्यातून काय आत येईल सांगता येत नाही. आणि झिप टाकली तरी ती त्याच प्लेयरपुरती, गॅलरीत आवाज येणार नाहीच. सगळीकडे हवा असेल तर कॉम्प्युटरवर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रामने चित्र तसंच ठेवून फक्त आवाज एएसी प्रकारात करा.

अवनी_आई:
माझं वेगळंच. दादा आयफोनवरून बाळाचे व्हिडिओ पाठवतो, आईच्या जुन्या फोनवर अडकत अडकत चालतात. एच२६५ हा व्हिडिओचा नवा प्रकार आहे म्हणे, फोनच्या चिपलाच झेपत नाही, चिपऐवजी सॉफ्टवेअर डीकोडरवर चालवलं तर बॅटरी भराभर उतरते. दादाला कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये मोस्ट कम्पॅटिबल करायला लावलं, आता आई दिवसभर नातू बघते.

जुनापुणेकर:
नोकिया ६६०० आठवला! थ्रीजीपी व्हिडिओ, काडेपेटीएवढं चित्र, आणि मेमरी कार्ड भरून देणारे दुकानदार. आमच्या दुकानवाल्याकडे चहा पण मिळायचा.

शमा७:
@जुनापुणेकर मिसळ पण मिळायची का 😄

तन्वी_ब:
लेकीच्या बारशाची व्हीसीडी आहे, आत डॅट फाइल. चालेल?

कोकणकडा:
हो, एमपेग-१ असतं ते, व्हीएलसीत चालतं. पण आधी कॉपी करून घ्या, आजच. चरे पडले की कोडेक काही करू शकत नाही.

तन्वी_ब:
लॅपटॉपला ड्राइव्हच नाही हो. बिबवेवाडीत कुणाकडे यूएसबीवाला आहे का, दोन दिवसांत परत करते.

मोगरा_सातारा:
भाचा कात्रजला राहतो, त्याच्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.