एसीएलनंतर कबड्डी: चाचणीचे आकडे कितपत धरायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण चढाईपटू आहे. उजव्या गुडघ्याच्या एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या अस्थिबंधाचं) ऑपरेशन झालं, आता नववा महिना लागलाय. एका पायावरच्या लांब उडीत उजवा पाय डाव्याच्या 92 टक्के आला. 90 च्या वर म्हणजे पास, म्हणून प्रशिक्षक निवड चाचणीला उतरव म्हणतात. पण डावा पायही इतके महिने जवळजवळ बसूनच होता, मग त्याच्याशी तुलना करून काय कळणार?

मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने (स्लो मोशन) शूटिंग केलं, तर उतरताना उजवा गुडघा स्पष्ट आत झुकतो आणि अंग डावीकडे कलतं. अंतर भरतंय, उतरणं जमत नाहीये. (फिजिओताईंनाही हे पटलं, पण त्यांच्याकडे फोर्स प्लेट, म्हणजे उडी मारताना-उतरताना पायाचा जोर मोजणारी पाटी, नाही.)

पुण्यात किंवा मुंबईत फोर्स प्लेटवर चाचणी कुठे होते, खर्च किती? मॅट इनडोअर असल्यामुळे हालचाल मोजणारं जीपीएस बनियन निरुपयोगी; पायाला बांधायचे सेन्सर कुणी वापरलेत का? आणि मुख्य म्हणजे, बचावपटूने घोटा धरल्यावर गुडघ्याला जो पीळ बसतो, त्याची तयारी तुमच्याकडे कशी तपासतात?