जुन्या गोव्यातली चांदीची पेटी: ओतीव की ठोकीव?

हुपरीकर
राम राम मंडळी. आमच्यात तीन पिढ्या चांदीचंच काम, पैंजण आणि घुंगरं. गेल्या आठवड्यात पोरांच्या हट्टापायी गोवा झाला. परतताना जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चला थांबलो. लोकं हात जोडून संत फ्रान्सिस झेवियरचं दर्शन घेत होती, आणि मी त्यांचं शव ठेवलेल्या पेटीची चांदी बघत उभा. बायको म्हणाली, "इथं पण दुकानच काढलंसा?"

पेटी इतकी उंच ठेवल्या की मान मोडायची पाळी. मोबाईलवर ओढून बघितलं तर चौकटीचौकटीत माणसं उठवल्यात. गाईड म्हणाला, सगळं इटलीचं. मला काय पटंना. ओतीव हाय का पत्रा मागनं ठोकून उठवलाय? आणि एवढ्या मोठ्या चर्चला बाहेरनं गिलावा का नाही?

रंकाळ्याकाठी
गाईडनं दोन कामं एकात घातली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीचाच. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो यानं दिलेला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोगिनी याचं काम, १६९८ मध्ये इथं बसवला. त्यावरचे ब्राँझचे फलक ओतीव. पेटी मात्र १६३६-३७ ची, म्हणजे चौथऱ्याच्या साठ वर्षं आधीची! पुढाकार मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाचा (जेझुइट म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री), पण हात गोव्यातल्याच चांदी कारागिरांचे. झेवियरच्या आयुष्यातले ३२ प्रसंग, सगळे ठोकून उठवलेले.

गवंडी_मंगळवारपेठ
गिलावा होता की! १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनीच काढला, चर्च जुनंपुराणं दिसावं म्हणून. आता काय बोलायचं? भिंती जांभ्याच्या, आणि जांभा पाणी पितो, हे कोकणातलं शेंबडं पोर सांगंल. तिथला पाऊस काय कमी हाय? पुन्हा गिलावा करा म्हणून मागणी पण झाल्या.
दर्शनी भागावरची नक्षी नीट बघितलासा का? ती जांभ्यात नाही, वसईहून आणलेल्या काळ्या दगडात हाय. आपल्या अंबाबाईच्या देवळाचा दगड त्याच जातीचा. १५९४ ला पाया घातला, १६०५ ला चर्च उभं. तासणाऱ्याला विचारा त्या दगडावर हात कसा भरून येतो ते.

हुपरीकर
ठोकीव म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. पत्र्यावर घोड्याचा पाय, माणसाचं बोट उठवायचं म्हणजे एका ठोक्याचा अंदाज चुकला की पत्रा फाटला, पुन्हा पहिल्यापासनं. असले ३२!
दगडाकडं लक्षच गेलं नाही, खरं सांगतो. पुढच्या खेपेला मेव्हण्याची दुर्बीण घेऊन जातो. तो रंकाळ्यावर पक्षी बघतो तिनं.