नाताळाचे कुलकुल अंड्याशिवाय जमतात का?

पार्लेकरीण: कुलकुल, म्हणजे ते शिंपल्यासारखे गुंडाळून तळलेले छोटे गोड तुकडे, वसईची मैत्रीण दरवर्षी पाठवते, यंदा मीच करणार. घरात अंडं चालत नाही. वर त्या रेघा कशाने पाडतात?

मडगावची सून: बिनधास्त कर. मैद्यात थोडा रवा, कडकडीत तुपाचं मोहन, नारळाच्या जाड दुधात घट्ट भिजव. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरून गुंडाळायची. सासूबाई कोरा कंगवाच घेतात, रेघा बारीक येतात. तळताना आच मंद हवी, नाहीतर आत कच्चे.

खादाडभाऊ: नेवऱ्याही कर! गोव्यात चवथीला हिंदूंकडे, नाताळात ख्रिस्ती घरी. आपली करंजीच ती.

पार्लेकरीण: आधी कुलकुल जमू देत! पाकात कधी घोळवू?

मडगावची सून: पूर्ण गार झाल्यावर. पाक पक्का हवा, नाहीतर चिकट होतात.