मुखवटे सगळेच फेकायचे?

'समाजाने चढवलेले मुखवटे उतरवले की आत खरा मी सापडतो' हा 'स्वतःला शोधा' या चर्चेत आलेला मुद्दा मला अर्धाच पटला. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये 'खरा स्व' आणि 'खोटा स्व' अशी मांडणी केली, तेव्हा साधी सभ्यता, चारचौघांतलं वागणं हेही त्यांनी खोट्या स्वातच धरलं, पण निरोगी म्हणून. मीटिंगमध्ये न पटलेल्या गोष्टीला मान डोलावली, इथवर ठीक. घरी आल्यावरही आपल्याला नक्की काय वाटत होतं तेच आठवेना, की मग पंचाईत.

सजगतेचा (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी आपल्यात काय चाललंय त्याकडे लक्ष देण्याचा) उपयोग मला इथे दिसतो. 'हो' म्हणायच्या आधी जबडा आवळला जातो, श्वास अडतो. तेवढं जागच्या जागी टिपता आलं तरी पुष्कळ. त्यासाठी सजगता शिकवणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी कशाला? (ती अ‍ॅपही दिवसभर टुंगटुंग करत लक्ष खातातच!) सजगतेला उपचारात आणणारे अमेरिकेतले जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला सजगतेचा वर्गसुद्धा जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी होता, 'स्वतःला शोधण्यासाठी' नव्हे.

आणि नोकरी सोडून 'स्वतःला शोधायला' निघण्याचा जो सल्ला या चर्चेत आलाय, तो कृपया ज्याच्या पगारावर घर चालतं त्याला देऊ नका.