'अर्ली ऑटम'ला सोलापूरकडं काय म्हणतात?

अनुवादिनी
मुलांसाठीच्या एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय आहे 'अर्ली ऑटम'चे दिवस घरच्यांबरोबर कसे घालवायचे: घरातले सण, हातानं करायच्या वस्तू, त्या दिवसांतलं खाणं. वाचणारी मुलं सोलापूर शहरातली आणि आसपासच्या गावांतली. मी 'शरदाची सुरुवात' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'पानगळीचे पहिले दिवस' केलं. आपल्याकडं पानं गळतात माघ-फाल्गुनात. दसऱ्याला कडुनिंब हिरवागार असतो. पानगळ मला पटत नाही, पण 'शरद' तरी मुलांना निबंधाबाहेर कुठं भेटतो? तुमच्या घरी या दिवसांना काय म्हणतात?

निःसंदिग्ध
शरदच. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, यात चर्चेला जागा नाही. शारदीय नवरात्र आपण म्हणतोच. शतायुषी व्हा असा आशीर्वाद देतानाही 'शरदः शतम्' म्हणतात, म्हणजे अख्खं वर्षच या ऋतूनं मोजलं जायचं. पानगळ शिशिराची. मुलांना शब्द भेटत नसेल तर तुमच्या पुस्तिकेत भेटू द्या, तेवढ्यासाठी तो टाकू नका.

मंद्रूपकर
शरद ऐकलाय, पण तोंडात नाही. आमच्याकडं शेतकरी ऋतूनं बोलत नाही, नक्षत्रानं बोलतो. उत्तरा, हस्त, चित्रा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतो, तेव्हा घरोघरी एकच प्रश्न, "हत्ती पडला का ओ?" म्हणजे हस्ताचा पाऊस. सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो. कोकणात पाऊस सरत आलेला असतो तेव्हा आमची खरी ओल धरते, आणि त्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा. त्यामुळं शाळेच्या पुस्तकातला 'पाऊस सरून आकाश निरभ्र झालं' हा शरद आमच्या रानावर बसत नाही.

बार्शीची_लेक
मग 'सुगीचे दिवस' लिहा की. मूग-उडीद घरात आलेले असतात, भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खायचे हेच दिवस. आईच्या तोंडी सुगीच असायचं.

मंद्रूपकर
ताई, बार्शीकडं खरिपाचं रान जास्त, तिथं चालेल. मंगळवेढा-मंद्रूपकडं सुगी म्हटलं की ज्वारीची काढणी, आणि ती माघात. दसऱ्याला आमची तिफण रानात असते. पेरणीच्या दिवसांना सुगी म्हटलेलं आमच्याकडचं पोरगं ऐकूनच घेणार नाही. बाकी हा शब्द कानडीतला 'सुग्गी' आहे. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, आजी सुग्गीच म्हणायची.

निःसंदिग्ध
सगळं कानडीतून आलं म्हणण्याआधी 'सुकाल', 'सुगम' अशा संस्कृत शब्दांकडंही बघावं.

मंद्रूपकर
बघा की. पण सुग्गी म्हणजे पिकाची काढणी, हा अर्थ कानडीत रोज वापरात आहे. 'सुगम'चा पिकाशी काय संबंध?

बाळीवेस
ऋतूचं राहू द्या. आमच्या घरी हे दिवस माळेनं मोजतात. घट बसले की तारीख नाही, तिथी नाही, "आज कितवी माळ?" एवढंच. पहिली माळ, दुसरी माळ, आणि कारळ्याची पिवळी फुलं मिळाली तर त्यांचीच माळ घटावर. मुलांना हे चटकन कळेल. आणि अनुवादिनी, हातानं करायच्या वस्तू हव्यात तर फुलोरा घ्याच. अष्टमीला घटावर बांधायला आमच्याकडं कडाकण्या, म्हणजे गोड कणकेच्या कडक पुऱ्या, करतात. कणकेची वेणी, फणी, करंडाही करतात, सगळं तळून दोऱ्यानं टांगायचं. खाणंही झालं, कलाकुसरही झाली.

निःसंदिग्ध
'कडकणी' लिहा. कडक वरून कडकणी. मधला 'डा' बोलण्यातला आहे, लेखनात नको.

बाळीवेस
आमच्या सात घरांत कुणी 'कडकणी' म्हटलेलं ऐकलं नाही. पदार्थ आमचा, करणाऱ्या बाया आमच्या, तर नावही त्यांच्या तोंडचंच लागणार. कडाकणीत तो 'डा' मोडतानाच्या आवाजाचा आहे असं मी मानते. मोडून बघा, कडक नाही वाजत, कडाक वाजते.

बार्शीची_लेक
आमच्यातही कडाकणीच. पण माझी आत्या म्हणायची कडक कणीक म्हणून कडाकणी. गुळाच्या पाण्यात कणीक इतकी घट्ट भिजवायची की मळताना मनगट दुखायला हवं.

तंगेडु
मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू. पितृपक्षाच्या अमावास्येला आमच्या बायकांची बतकम्मा सुरू होते, दुर्गाष्टमीपर्यंत. ताटात फुलांचे थर गोलाकार रचत निमुळतं शिखर करायचं, संध्याकाळी भोवती फेर धरायचा, शेवटी पाण्यात सोडायचं. वस्तू हातानं करायची म्हणता, तर याहून सुंदर काय सांगू! मुख्य फुलं दोन, तंगेडु आणि गुनुगु. यांना मराठीत काय म्हणतात हे शेजारच्यांना विचारलं तर 'पिवळी फुलं' आणि 'गवताचे तुरे' एवढंच उत्तर मिळालं. नीट नावं कुणी सांगेल का?

मंद्रूपकर
तंगेडु म्हणजे तरवड, दादा. माळावर आपोआप उगवतो, गुरं तोंड लावत नाहीत. त्याची साल चामडं कमवायला वापरायचे. कानडीत तंगडी. गुनुगु म्हणजे कुरडू. कोवळी असताना भाजी करतात, आणि तूर-बाजरीत माजली की खुरप्यानं काढून टाकतात.

तंगेडु
तरवड! बांधावर लहानपणापासून बघतोय आणि दोन्ही नावं एकाच झाडाची हे आज कळतंय. अनुवादिनी, पुस्तिकेत बतकम्माही घ्या, एवढी विनंती. सोलापूरचे हे दिवस लिहायचे आणि पूर्व भाग वगळायचा, हे आमच्या मुलांना लागेल.

अनुवादिनी
नक्की घेते. हादगाही घ्यायचा आहे. पण त्या बाई म्हणतात 'भोंडला' लिहा, सगळ्यांना कळतो. आणि ऋतूच्या नावाचं अजून अडलेलंच आहे.

बार्शीची_लेक
शाळेत भोंडला, घरी हादगा. विदर्भ-खानदेशात भुलाबाई. ऋतू तोच आणि खिरापत ओळखायचा खेळही तोच. डबा हलवायचा, वास घ्यायला द्यायचा नाही. आम्ही मुद्दाम शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी नेत असू, कारण सगळ्या गोडातलंच काहीतरी सांगत बसायच्या.

निःसंदिग्ध
हादगा हा हस्तावरून आलेला, म्हणून तोच प्रमाण मानावा. हस्त म्हणजे हात, हत्ती नव्हे. पाटावर हत्ती काढतात तो 'हस्त' आणि 'हस्ती' यांच्या घोटाळ्यातून.

मंद्रूपकर
घोटाळा कशाला म्हणता? हत्तीच्या सोंडेनं ओतावा तसा पाऊस म्हणून हत्ती. आमच्या बायाबापड्यांनी जाणून काढलेला आहे तो. आणि हादग्याचं झाड वेगळं असतं बघा, त्याच्या पांढऱ्या फुलांची भजी होतात. नाव झाडावरून आलं नसेल कशावरून?

निःसंदिग्ध
हादगा बसवतात हस्त लागला की. झाड बारा महिने उभं असतं. नक्षत्राचा धागा सोडून झाडाकडं जाण्याचं कारण मला दिसत नाही. पंचांग उघडा. दाते पंचांग तर तुमच्या सोलापुरातूनच निघतं.

मंद्रूपकर
पंचांग घरी आहे. त्यात नक्षत्राचं वाहन दरवर्षी बदलतं, कधी बेडूक, कधी म्हैस. पाटावरचा हत्ती मात्र बदलत नाही. मग तो पंचांगातून आला असं कसं म्हणणार?

बाळीवेस
माझं मत, एकच शब्द शोधूच नका. प्रकरणांना नावं द्या: घट बसताना, माळेचे दिवस, शिलंगण, कोजागिरी. शिलंगण म्हटलं की आपट्याची पानं, टोपीत खोवलेला घटाच्या कोंबांचा तुरा, सगळं आलं. देवी शिलंगणानंतर कोजागिरीपर्यंत निद्रेला असते आणि सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरतो. आमच्या घरी हे दिवस तिथं संपतात.

निःसंदिग्ध
सीमोल्लंघन. पुस्तिकेत तरी.

बाळीवेस
पुस्तिकेतच तर शिलंगण हवं. सीमोल्लंघन मुलं वर्तमानपत्रात वाचतात, शिलंगणाला ती आजोबांबरोबर जातात.

अनुवादिनी
प्रकरणांची कल्पना आवडली, पण मुखपृष्ठावर एक नाव लागणारच. 'शरद' आणि 'माळेचे दिवस' यांत अडकलेय. बाळीवेस काकू, कडाकणीला दोरा ओवायचं भोक कधी पाडायचं? चित्रकार विचारतोय.

बाळीवेस
लाटून झाल्यावर, तळायच्या आधी, उदबत्तीच्या काडीनं. तळल्यावर पाडायला गेलं की तडकते. काठापासून बोटभर आत घ्या, नाहीतर टांगल्यावर वजनानं काठ तुटतो. फणीचे दात सुरीच्या टोकानं, वेणीला तीन पेड. आणि चित्राखाली कडाकणी लिहा, 'डा'ला काना देऊन.

निःसंदिग्ध
कडकणी.